रिकाम्या ताटल्या आणि शब्दांची वही

फेब्रुवारीचा महिना होता. मेलबर्नमध्ये भर उन्हाळा चालू होता आणि माझी नात तिथल्या शाळेत जाऊ लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. एक दिवस तिने दप्तरातून चिठ्ठी काढून आईच्या हातात दिली. शुक्रवारी ‘आर्व्हो’ला वर्गातल्या मुलांच्या घरच्यांनी मैदानावर जमायचं आहे, येताना कृपया ‘प्लेट’ आणावी, असं तिच्यात लिहिलं होतं. आर्व्हो म्हणजे आफ्टरनून, हे शेजारच्या आजोबांना विचारून कळलं. प्लेटचा अर्थ विचारायची गरज मात्र आम्हाला कोणालाच वाटली नाही. प्लेट म्हणजे प्लेट! शाळेत बश्या कमी पडत असतील, असं म्हणून सुनेने इंदूरहून आणलेल्या स्टीलच्या चार ताटल्या घासूनपुसून लखलखीत केल्या, वर चार चमचे ठेवले आणि आम्ही निघालो.

मैदानावर पोहोचलो आणि पाय जागीच थबकले. लांबलचक टेबलावर केक, सँडविच, कलिंगडाच्या फोडी, बिस्किटं ओळीने मांडून ठेवली होती. प्रत्येक घरून एकेक पदार्थ आला होता. ‘प्लेट आणा’ याचा तिथला अर्थ ‘सगळ्यांनी मिळून खायला काहीतरी घेऊन या’ असा आहे. आमच्या ताटल्या तेवढ्या रिकाम्या होत्या. एका मुलाच्या आईने हसून “नो वरीज” म्हटलं, आमच्या हातातली एक ताटली घेतली आणि तिच्यात सँडविच भरून नातीपुढे धरली. त्या माउलीच्या मनात काहीसुद्धा वाईट नव्हतं. पण मागे उभी असलेली दोन मुलं खुसखुसली आणि नातीचा चेहरा पार उतरला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हणाली, “आजी, मी सोमवारी शाळेत जाणार नाही. मला इंग्लिश येत नाही.”

माझ्या काळजात चर्र झालं. इंदूरला ही मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिल्या तिघांत असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं असं कसं म्हणायचं? तिला येत नव्हती ती फक्त तिथली बोली.

मला माझंच लहानपण आठवलं. दहा वर्षांची असताना मी सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले होते. “मी अभ्यास करून राहिले आहे,” असं मी म्हटलं आणि मावसभावंडांनी ते वाक्य सुट्टीभर माझ्यामागे घोकलं. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी मिसळलेलं असतं, हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेले दिवस मी जेवायला बसले तरी मानेनेच हो-नाही करत होते. शब्द माहीत असूनही तोंड उघडायची भीती काय असते, ते मी जाणून होते.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही विकत आणली. नातीला म्हटलं, “आपण दोघी मिळून या लोकांची बोली शिकू या. रोज एक शब्द. कुठे ऐकला, अर्थ काय आणि तो आला कुठून, एवढं लिहायचं.” पाच वर्षांच्या नातवाकडे चित्रं काढायचं काम दिलं. मी तिथे तीन महिने होते. त्या वहीने आम्हाला शब्द तर शिकवलेच, पण त्यांच्यामागोमाग आम्ही तो देशही पाहिला.

शब्दाची शेपटी

पहिली युक्ती शेजारच्या आजोबांनी सांगितली. लांब शब्द दिसला की तो अर्ध्यावर कापायचा आणि त्याला ‘ई’ किंवा ‘ओ’ची शेपटी लावायची. ब्रेकफास्टचा झाला ‘ब्रेकी’, बिस्किटाचा ‘बिकी’, मॉस्किटोचा ‘मॉझी’, सनग्लासेसचा ‘सनीज’. पेट्रोल मिळतं त्या सर्व्हिस स्टेशनला म्हणायचं ‘सर्व्हो’. बार्बेक्यू, म्हणजे अंगणातल्या शेगडीवर भाजणं, त्याला म्हणायचं ‘बार्बी’. मुलांना हा खेळच मिळाला. नातू तर शेपटी लावायला नवे शब्द शोधत घरभर फिरू लागला.

मग माझ्या लक्षात आलं की हे आपल्याला नवीन थोडंच आहे! आपण नाही का रमेशचा रम्या आणि सुरेशचा सुऱ्या करत? तेही असंच बॅरीला ‘बाझा’ आणि शॅरनला ‘शाझा’ म्हणतात. रम्या म्हणण्यात जो जिव्हाळा असतो तोच त्यात असतो.

पत्रं आणणारा ‘पोस्टी’, कचरा उचलणारा ‘गार्बो’, रुग्णवाहिकेवरचा ‘अँबो’, आग विझवणारा ‘फायरी’, आणि सुतार, गवंडी, नळ दुरुस्त करणारा हे सगळे ‘ट्रेडी’. ही नावं हिणवण्यासाठी नसतात. २०२२ मध्ये पंतप्रधान झालेल्या अँथनी अल्बनीझ यांनाही लोक सरळ ‘अल्बो’ म्हणतात. गार्बोला आणि पंतप्रधानांना एकाच मापाची शेपटी! बसमधून उतरताना माणसं चालकाला आवर्जून थँक्यू म्हणतात, ते पाहून नातवालाही सवय लागली.

आमची खरी पंचाईत झाली ती आजोबांना हाक मारताना. पंचाहत्तरीच्या त्या गृहस्थांचा आग्रह असा की नऊ वर्षांच्या मुलीनेही त्यांना नावानेच हाक मारावी. नातीच्या जिभेला ते काही केल्या वळेना. शेवटी तडजोड झाली ती ‘मेट’ या शब्दावर. मेट म्हणजे दोस्त. पण तो मित्राला म्हणतात, अनोळखी माणसाला म्हणतात आणि भांडताना आवाज चढवूनही म्हणतात. हे ऐकल्याबरोबर नात ओरडली, “आजी, म्हणजे आपलं भिया!” अगदी बरोबर. इंदुरात चौकातल्या पोहेवाल्यापासून ते गाडीला गाडी घासून भांडणाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना ‘भिया’च म्हणतात. वहीत मेटच्या पुढे तिने एवढंच लिहिलं: भिया.

उलटं बोलायचं आणि हसायचं नाही

आजोबांचं टोपणनाव होतं ‘ब्लूई’. नातवाला त्या नावाचं कार्टून माहीत होतं. ब्रिस्बेनमध्ये तयार झालेली, २०१८ मध्ये सुरू झालेली ती निळ्या कुत्रीची मालिका आता जगभरची मुलं पाहतात. त्याने आजोबांना विचारलं, “पण तुम्ही निळे कुठे आहात?” आजोबा हसले. तरुणपणी त्यांचे केस लालभडक होते. लाल केसांच्या माणसाला ‘ब्लूई’ म्हणायची तिथली जुनी रीत आहे. आमच्या वाड्यातही एका धिप्पाड गृहस्थांना सगळे ‘बारक्या’ म्हणायचे, ते मी त्यांना सांगितलं आणि ते खूश झाले.

अशी उलटी चाल त्यांच्या बोलण्यात पदोपदी भेटते. जेवण उत्तम झालं असेल तर म्हणतात ‘नॉट बॅड’. आपल्याकडे क्रिकेटचा धावफलक दीडशेला दोन बाद असा सांगतात, ते आधी विकेट सांगतात, दोन बाद दीडशे. ‘बॅरकिंग’ म्हणजे खेळाडूची हुर्यो उडवणं असं आपण समजतो, तिथे एखाद्या संघाला ‘बॅरक’ करणं म्हणजे त्याला पाठिंबा देणं. नवीन मुलाला मेलबर्नच्या शाळेत हमखास विचारतात की तू ‘फुटी’च्या कोणत्या संघाला बॅरक करतोस. ही फुटी म्हणजे त्यांचा खास ऑस्ट्रेलियन फुटबॉल. नातीने रंग आवडला म्हणून एक संघ निवडून टाकला आणि डब्याच्या सुट्टीत बोलायला तिला विषय मिळाला.

काही शब्दांनी आमची भरपूर करमणूक केली. तिथे कोंबडीला म्हणतात ‘चुक’. बाईंनी वर्गात चुकने अंडं घातल्याची गोष्ट वाचली आणि नात एकटीच हसत सुटली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं की आमच्या भाषेत चूक म्हणजे मिस्टेक. त्या दिवशी वर्ग तिच्यावर नव्हे, तिच्याबरोबर हसला. घरी येऊन तिने ही गोष्ट तीनदा सांगितली.

टोपी नाही, खेळ नाही

नातवाच्या शाळेत उन्हाळ्यात एक नियम कडक होता. डोक्यावर टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही. तिथलं ऊन आपल्या उन्हापेक्षा वेगळं आहे. त्यातले अतिनील किरण फार तीव्र असतात आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण त्या देशात जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. म्हणून १९८१ मध्ये ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ नावाची मोहीम निघाली. अंगात सदरा घाला, मलम फासा, डोक्यावर टोपी ठेवा, असा त्याचा अर्थ. तीन बोली शब्दांनी एका सगळ्या पिढीला उन्हात कसं वागावं ते शिकवलं.

पोहण्याच्या तासाला ‘थाँग्ज’ आणा असं सांगतात, त्या म्हणजे रबरी चपला. पोहण्याच्या कपड्यांना मेलबर्नमध्ये ‘बेदर्स’ म्हणतात, सिडनीत ‘कॉझी’ किंवा ‘स्विमर्स’ आणि क्वीन्सलँडमध्ये ‘टॉग्ज’. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा असलेला, सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा तो देश. वस्ती मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास आणि तीही बहुतेक समुद्रकाठी. तिथे बोली याहून जास्त बदलत नाही, याचंच मला नवल वाटलं.

सोन्याच्या गावात

मार्चमध्ये जोडून सुट्टी आली तेव्हा आम्ही मेलबर्नपासून सुमारे ११० किलोमीटरवरच्या बॅलरॅटला गेलो. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली. ‘सॉव्हरिन हिल’ नावाचं त्या काळचं गाव इथे पुन्हा उभारलं आहे. मुलांनी ओढ्याच्या वाळूत परात बुडवून सोन्याचे कण शोधले. सोनं खणणाऱ्यांना म्हणत ‘डिगर’. पुढे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकांना तेच नाव पडलं आणि ते आजही मानाचं आहे. १८५४ मध्ये सरकारी परवान्याच्या जाचाविरुद्ध इथले डिगर उठले. ‘युरेका’च्या त्या लढ्यात वीसहून अधिक खाणकामगार मेले. सगळ्यांना एकाच मापाने मोजायची या लोकांची जी खोड आहे, तिची काही मुळं इथे सापडतात.

‘फेअर डिंकम’ म्हणजे अस्सल, खरंखुरं. हा शब्द चिनी खाणकामगारांच्या ‘खरं सोनं’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला, असं तिथे बरेच जण हौसेने सांगतात. प्रत्यक्षात तो इंग्लंडमधल्या एका ग्रामीण बोलीतून आला आहे. चिनी लोकांच्या वाट्याला मात्र दुसरंच काही आलं. १८५५ मध्ये व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला. तो चुकवण्यासाठी हजारो जण शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत खाणींवर गेले.

पन्नास शब्दांची भिंत

परतल्यावर मुलगा म्हणाला, “आई, तुला शब्दांचं वेड लागलंय, तर एक जागा दाखवतो.” त्याने आम्हाला फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या इमिग्रेशन म्युझियममध्ये नेलं. बाहेरून येऊन या देशात स्थायिक झालेल्यांच्या कहाण्या तिथे मांडल्या आहेत. तिथेच त्याने नातीला एक परीक्षा सांगितली. १९०१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, नको असलेल्या माणसाला बंदरावर पन्नास शब्दांचा उतारा लिहायला सांगत. तो कोणत्याही युरोपीय भाषेत असू शकत असे. इंग्रजी येणाऱ्याला दुसऱ्याच भाषेत उतारा घातला की तो नापास! गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवण्याचा तो मार्ग होता. १९३४ मध्ये एगॉन किश या पत्रकाराला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा दिली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ही भाषा कायद्यातल्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे असा निकाल लागला. ती परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली आणि गोऱ्यांपुरतं धोरण १९७३ पर्यंत पुरतं संपलं.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तेव्हा आपल्याला येऊच दिलं नसतं?” मी खोटं कशाला सांगू? नसतं येऊ दिलं. पण त्याच शहरात तिच्या वर्गात आज किती घरच्या किती भाषा आहेत, ते तिला बोटांवर मोजायला सांगितलं. तिची दोन्ही हातांची बोटं संपली.

मूळ मालकांचे शब्द

कांगारू शब्दाची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. गोऱ्यांनी विचारलं, हा प्राणी कोणता? तिथला माणूस म्हणाला, ‘कांगारू’, म्हणजे ‘मला माहीत नाही’. ही गोष्ट खोटी आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज दुरुस्तीसाठी एंडेव्हर नदीकाठी थांबलं होतं, तेव्हा गुगू यिमिथिर भाषेतला ‘गंगुरू’ हा शब्द लिहून घेतला गेला. तो तिथल्या एका जातीच्या कांगारूचं नाव होता. सांगणाऱ्याला सगळं माहीत होतं. अज्ञानी म्हणून नाव पडलं ते मात्र त्याचं.

कोआला, वॉम्बॅट, डिंगो हे शब्द सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतले. माणसासारखा खदाखदा हसणारा कूकाबरा पक्षी विराजुरी भाषेतून आला. कष्टाच्या कामाला आजोबा ‘हार्ड याका’ म्हणायचे, तो याका ब्रिस्बेनकडच्या यागारा भाषेतला. १७८८ मध्ये पहिले कैदी घेऊन इंग्रजांची जहाजं आली, तेव्हा या भूमीवर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. त्यातल्या बहुतेक आज बोलल्या जात नाहीत. विसाव्या शतकात सुमारे १९७० पर्यंत मूलनिवासींची मुलं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि परक्या घरी ठेवली गेली आणि अनेक ठिकाणी त्यांना स्वतःची भाषा बोलायला मनाई होती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची माफी मागितली.

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही देशाच्या मध्यभागी उलुरूला गेलो. या निर्मनुष्य आतल्या भागाला म्हणतात ‘आउटबॅक’. शेजारचं घरही इथे कित्येक मैलांवर. त्यामुळेच १९२८ मध्ये विमानातून जाणारे डॉक्टर आणि १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रेडिओवरची शाळा सुरू झाली. तांबड्या वाळूत ३४८ मीटर उंचीचा एकच अखंड खडक उभा आहे. १८७३ मध्ये एका गोऱ्या प्रवाशाने त्याला ‘एअर्स रॉक’ नाव दिलं. पण अनांगू लोकांसाठी तो कायमच उलुरू होता आणि फार पवित्र. १९८५ मध्ये ती जमीन त्यांना परत मिळाली, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून खडकावर चढणं बंद झालं. काही प्रवासी अजूनही त्याबद्दल कुरकुरतात. नात म्हणाली, “आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो, कळसावर थोडेच चढतो?” आम्ही सुमारे १० किलोमीटरच्या त्या वाटेचा जमेल तेवढा भाग पहाटेच्या गारव्यात चाललो. तिथली माणसं भेटताना आणि निरोप घेतानाही ‘पाल्या’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘छान’ असाही होतो. वहीतला तो आमचा सर्वांत आवडता शब्द ठरला.

पालकांसाठी थोडंसं

तुमच्या घरची मुलं परदेशी जाणार असतील तर अशी वही जरूर करा. मात्र चार गोष्टी सांभाळा. सिनेमा-जाहिरातींतली बोली खरी मानू नका. ‘श्रिम्प ऑन द बार्बी’ हे १९८४ च्या अमेरिकेसाठी केलेल्या जाहिरातीतून पसरलं. ऑस्ट्रेलियात कोळंबीला ‘प्रॉन’ म्हणतात. मुलांना त्यांच्यासारखे हेल काढायला लावू नका. शब्द ऐकला की लगेच न वापरता, कोण कोणाला म्हणतो ते आधी पाहायला सांगा, कारण शिव्याही अशाच हसत येतात. आणि “म्हणजे काय?” असं विचारायला मुलांना शिकवा. आम्ही प्लेटबद्दल तेवढंच विचारलं नव्हतं.

माझ्या परतीला चार दिवस राहिले असताना नातीने पुन्हा चिठ्ठी आणली. शाळा उघडल्यावर पुन्हा मेळावा, पुन्हा ‘प्लेट आणा’. यंदा सुनेने परातभर पोहे केले, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे पेरले. निघताना नातीने आईचा फोन मागितला. तिच्या वर्गात त्याच आठवड्यात एक नवीन मुलगी आली होती. ती आणि तिची आई, दोघींचं इंग्रजी बेताचंच होतं. नात फोनवर सावकाश सांगत होती, “प्लेट म्हणजे रिकामी प्लेट नाही हं. काहीतरी खायला आणा. काही नसलं तरी या, आमच्याकडे खूप आहे.”

मैदानावर पोह्यांची परात तासाभरात रिकामी झाली. आजोबाही आले होते. त्यांनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली, तीच आमची स्टीलची ताटली, आणि नातीला म्हणाले, “नॉट बॅड, भिया.”